स्ट्रॅट, टेली की लेस पॉल : स्वर गिटारचा की हाताचा?

मंद्रसप्तक | ४ जुलै, सकाळी ७:१०

गेल्या महिन्यात नोकरीतून निवृत्त झालो. थोडा वेळ आणि थोडे पैसे एकाच वेळी हाताशी असण्याचा योग पुन्हा येईलसे वाटत नाही, म्हणून एक चांगली इलेक्ट्रिक गिटार घेण्याची जुनी इच्छा पुरी करायचे ठरवले आहे. महाविद्यालयात असताना मित्राच्या साध्या गिटारवर चार कॉर्ड शिकलो होतो, तेवढेच भांडवल. ऐकले मात्र भरपूर आहे. कॅसेटच्या वेष्टणांवरील छायाचित्रे पाहून मनात तीन घराणी तयार झाली होती : फेंडरची स्ट्रॅटोकास्टर म्हणजे हेंड्रिक्स, मार्क नॉफ्लर आणि डेव्हिड गिल्मर, गिब्सनची लेस पॉल म्हणजे जिमी पेज आणि स्लॅश, आणि फेंडरचीच टेलिकास्टर म्हणजे कीथ रिचर्ड्स आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन. प्रत्येक घराण्याचा आवाज मी डोळे मिटून ओळखू शकतो, असा माझा आजवरचा दावा होता.

मागच्या रविवारी दुकानात जाऊन तिन्ही प्रकार प्रत्येकी अर्धा तास वाजवून पाहिले. माझ्या हातात तिन्ही सारख्याच वाईट वाजल्या. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे की, आपण ज्याला 'स्ट्रॅटचा आवाज' म्हणतो तो खरोखर त्या लाकडात आणि तारांत असतो, की ती सगळी त्या वादकांच्या बोटांची पुण्याई असून आपण उगाच तिचे श्रेय वाद्याला देतो? जाणकारांनी कृपया अनुभव सांगावेत. खरेदी त्यावरच अवलंबून आहे.

काटकोन | ४ जुलै, सकाळी ७:२५

तिन्ही सारख्याच वाईट वाजल्या असतील तर सर्वांत स्वस्त असेल ती घ्यावी. प्रश्न सुटला, धागा बंद करण्यास हरकत नाही.

ओहम | ४ जुलै, सकाळी ९:०२

धागा इतक्यात बंद करू नये, कारण प्रश्नाचा अर्धा भाग मोजता येण्यासारखा आहे. फेंडरच्या दोन्ही गिटारींवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनची पावणेपंचवीस, म्हणजे साधारण ६२८. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे लेस पॉलवर तो सुमारे सहा टक्क्यांनी कमी पडतो आणि तार बोटाखाली मऊ लागते. हा काही मनाचा खेळ नाही. तो बोटाला पहिल्या मिनिटात कळतो.

दुसरा मोठा फरक पिकअपचा, म्हणजे तारांखाली बसून त्यांचे कंपन टिपणाऱ्या चुंबक-वेटोळ्यांचा आहे. फेंडरचे पिकअप एकाच वेटोळ्याचे असतात, त्यामुळे आवाज काचेसारखा लख्ख येतो, पण आसपासच्या विजेची गुणगुणही तेच वेटोळे पकडते. गिब्सनमधील सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५च्या सुमारास दोन वेटोळी शेजारीशेजारी ठेवली, एकाची गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव दुसऱ्याच्या उलट केले, आणि गुणगुण आपसांत कापली जाऊन तारेचा स्वर मात्र दुप्पट होईल अशी युक्ती साधली. हाच हंबकर. १९५७पासून तो लेस पॉलवर बसू लागला. दोन वेटोळी मिळून तारेचा जास्त लांब तुकडा ऐकतात, म्हणून स्वर भरीव येतो आणि त्याची वरची धार किंचित बोथट होते. अमेरिकन पुस्तकांत या गुणगुणीला 'साठ सायकलची हम' म्हणतात. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे आपली गुणगुण अमेरिकेच्या तुलनेत जवळजवळ दीड स्वर खाली लागते. सुरांचे शौकीन असलेल्यांनी याची नोंद घ्यावी.

धोबीतलाव | ४ जुलै, दुपारी १:४०

ओहम यांचे गणित मान्य आहे, पण माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. १९८०च्या दशकात मी मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. परदेशी वाद्य मिळवायचे तर कोणीतरी जहाजावरचा ओळखीचा लागे, नाहीतर आखातातला नातेवाईक. बाकी सर्वांच्या हाती कोलकात्याच्या गिव्हसन आणि तत्सम देशी गिटारी असत. आमच्या चार वाद्यवृंदांत मिळून एक जपानी बनावटीची स्ट्रॅटसारखी गिटार होती. ती शनिवारी दादरला असे, रविवारी ठाण्याला, आणि मधल्या दिवशी लोकलमधून कोणाच्या तरी मांडीवर. तिच्या आवाजाच्या बटणाचे टोपण हरवले होते, तिथे आम्ही चिकटपट्टीची गुंडाळी बसवली होती.

सांगायचा मुद्दा असा की तीच गिटार, तोच अँप्लिफायर, पुष्कळदा तेच गाणे, आणि तरीही चौघांचे चार आवाज. एकजण नखी घोडीजवळ मारत असे, त्याची गिटार करवतीसारखी कापत जाई. दुसरा मधल्या पिकअपवर अंगठ्याने वाजवी. त्याने गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा छेडला की हॉलमधली कुजबुज थांबत असे. मला त्या गिटारीतून त्याचा आवाज कधीच काढता आला नाही. तेव्हा मंद्रसप्तक यांच्या प्रश्नाला माझे उत्तर 'हात' असे आहे.

काटकोन | ४ जुलै, दुपारी १:५५

त्या चौघांपैकी चिकटपट्टी कोणी लावली होती, हे कळल्याशिवाय प्रयोग ग्राह्य धरता येणार नाही.

मडगांवकर | ४ जुलै, सायंकाळी ६:३०

धोबीतलाव यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे आणि त्यांच्या बाजूने आणखी भक्कम पुरावा देतो. मंद्रसप्तक यांनी जिमी पेजला लेस पॉलच्या घराण्यात बसवले आहे. लेड झेपलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बमवर पेजने प्रामुख्याने टेलिकास्टर वाजवली होती, गिटारवादक जेफ बेकने त्याला भेट दिलेली. इतकेच नव्हे, तर १९७१च्या चौथ्या अल्बममधील ज्या दीर्घ गाण्याच्या सोलोसाठी हजारो मुलांनी लेस पॉल विकत घेतली, तो सोलोही टेलिकास्टरवरच मुद्रित झाला. मंचावर मात्र ते गाणे तो दोन मानांच्या गिब्सनवर वाजवीत असे, आणि छायाचित्रे मंचावरचीच निघतात.

आता स्लॅश. १९८७च्या ज्या पदार्पणाच्या अल्बममुळे लेस पॉलला पुन्हा सुगीचे दिवस आले, त्यावर वाजलेली गिटार गिब्सनच्या कारखान्यातली नव्हतीच. क्रिस डेरिग या कारागिराने घडवलेली ती हुबेहूब नक्कल होती. आणि मार्क नॉफ्लर, ज्याला सर्वजण लाल स्ट्रॅटसह ओळखतात, त्याने १९८५च्या सर्वांत गाजलेल्या रिफसाठी, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यासाठी, लेस पॉल उचलली होती. आपण कानांनी ऐकतो असे समजतो, पण पुष्कळदा डोळ्यांनी ऐकतो.

मंद्रसप्तक | ४ जुलै, रात्री ९:१५

मडगांवकर, आपण माझे तीस वर्षांचे घराणेशास्त्र एका परिच्छेदात मोडीत काढलेत. पेजच्या त्या सोलोचे वर्णन मी मित्रांसमोर 'लेस पॉलचा अस्सल मधाळ स्वर' असे किती वेळा केले असेल, ते आठवून आता संकोच वाटतो. मित्रांपैकी कोणी हा धागा वाचत असल्यास त्यांनी कृपया मौन पाळावे.

रविवारची_मैफल | ४ जुलै, रात्री १०:५०

मी पुण्यात एका हौशी वृंदात दहा वर्षे वाजवते आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच विचारली नाही : हे वाद्य दोन तास खांद्यावर वागवायचे आहे की भिंतीवर टांगायचे आहे? माझी पहिली गिटार लेस पॉल घडणीची होती आणि ती साडेचार किलोंच्या घरात भरत असे. सरावाच्या खोलीतून घरी आल्यावर पट्ट्याचा वळ खांद्यावर रात्रभर राही. आता मी स्ट्रॅट वाजवते. तिची मागची बाजू बरगड्यांपाशी खोलगट कोरलेली आणि पुढची कड हाताच्या टेकणीसाठी उतरती आहे. हे काही शोभेसाठी केलेले नाही. टेलिकास्टरच्या चौकोनी कडा अंगाला टोचतात, अशी वादकांची तक्रार होती आणि १९५४ साली स्ट्रॅट घडवताना लिओ फेंडरने ती ऐकली. या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे वादक जे सांगतील ते तो निमूटपणे लिहून घेई, आणि त्याच्या गिटारी इतक्या सोयीच्या झाल्या त्याचे श्रेय मी या अज्ञानाला देते.

दुसरे असे की मंद्रसप्तक यांच्या तिन्ही घराण्यांत एकही बाई नाही. सिस्टर रोझेटा थार्प यांनी चर्चमधील भक्तिगीते गात पांढऱ्या गिब्सन एसजीवर जे वाजवले, ते पाहून पुढच्या पिढीचे कितीतरी पुरुष वादक शिकले. बॉनी रेटची स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून केलेले वादन, ऐकावी. तिची गिटार स्ट्रॅट आहे, पण कोणीही सुरेल गळा म्हणून तिच्याकडे पाहील.

शिसवी | ५ जुलै, सकाळी ६:४५

मी सावंतवाडीकडचा सुतारकाम करणारा आहे. गिटार वाजवत नाही, पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या गिटारींची संख्या कपाटांपेक्षा जास्त झाली असावी. लेस पॉल घडणीच्या ज्या गिटारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा मान मोडून आल्या. कारण सरळ आहे. गिब्सनच्या मूळ आराखड्यात डोके मानेशी सतरा अंशांचा कोन करून मागे झुकलेले असते आणि संपूर्ण मान महोगनीच्या एकाच फळीतून काढलेली असते, त्यामुळे नेमक्या त्या वळणावर लाकडाचे रेषे आडवे तुटतात. त्याच जागी ट्रस रॉडच्या, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या, नटासाठी खाचही पाडलेली असते. स्टँडवरून गिटार पालथी पडली की तिथेच भेग जाते. फेंडरचे डोके मानेच्याच पातळीत, सरळ असते आणि मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. मोडली तर नवी बसवा, एवढा साधा हिशेब.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगावेसे वाटते. आज या कंपन्यांच्या कितीतरी गिटारींच्या मानेवरील काळसर पट्टी आपल्या शिसवाची असते. पूर्वी ती ब्राझीलच्या शिसवाची असे. ते झाड दुर्मीळ झाले आणि १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली, पण त्याच्या बरेच आधीपासून कारखाने भारतीय शिसवाकडे वळले होते. माझ्या आजोबांनी ज्या लाकडाचे देवघर केले, त्याच जातीच्या लाकडावर गिब्सनच्या नॅशव्हिलच्या कारखान्यात पडदे ठोकले जातात, याची मला उगीच गंमत वाटते.

ओहम | ५ जुलै, सकाळी ८:२०

शिसवी यांच्या कारागिरीचा आदर राखून सांगतो की शिसवाने किंवा महोगनीने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ठरतो, ही समजूत मला फारशी पटत नाही. चुंबकीय पिकअप लाकूड ऐकत नाही, पोलादी तारेचे कंपन ऐकतो. लाकडामुळे फरक पडत असेलही, पण पिकअपची जागा, त्यांची जात आणि पुढचा अँप्लिफायर यांच्या तुलनेत तो अगदी किरकोळ असावा.

शिसवी | ५ जुलै, सकाळी ८:५०

आवाज ठरतो असे मी कुठेही म्हटलेले नाही, कृपया पुन्हा वाचावे. मी मोडण्याविषयी लिहिले. आवाज कोकणातल्या पावसाळ्याने ठरतो. जुलैत मान फुगते, तारा पडद्यांना घासू लागतात आणि दिवाळीनंतर तीच मान उलट्या दिशेला जाते. पाव फेरा ट्रस रॉड फिरवला की प्रत्येक गिटार वेगळी वाजते. दुकानात वातानुकूलित खोलीत वाजवलेली गिटार घरी आणल्यावर तशीच वाजेल, या भ्रमात राहू नये.

काटकोन | ५ जुलै, सकाळी ९:०५

म्हणजे आता हात, पिकअप, डोळे, खांदा आणि वेधशाळा असे पाच पक्ष झाले. बहुमत कोणालाच नाही.

सिएटलकर | ५ जुलै, सकाळी ११:३० (भारतीय वेळ)

मी राहतो त्या शहरातील संग्रहालयात हेंड्रिक्सची वुडस्टॉक महोत्सवातील पांढरी स्ट्रॅट आहे. काचेआड ठेवलेली ती गिटार पाहताना वाद्य आणि हात यांचा वाद मला निराळाच वाटला. हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरून त्यावर तारा पुन्हा आपल्या क्रमाने चढवत असे. स्ट्रॅटचा घोडीजवळचा पिकअप तिरका बसवलेला असतो. बारीक तारांची बाजू घोडीच्या जवळ, जाड तारांची दूर. गिटार उलटी केली की हे नेमके पालटते. जाड तारा करकरीत होतात आणि बारीक तारा गोल. कारखान्यातल्या कोणाच्याही मनात नसलेला स्वर केवळ एका डावखुऱ्या माणसामुळे त्या वाद्यातून निघाला. अशा वेळी तो गिटारचा म्हणावा की हाताचा?

असेच उदाहरण स्ट्रॅटच्या बटणाचे. १९७७पर्यंत तिच्यावर पिकअप निवडण्याचा तीनच टप्प्यांचा स्विच येत असे. वादकांना लक्षात आले की स्विच दोन टप्प्यांच्या अधेमधे अडकवला तर दोन पिकअप मिळून एक पोकळ, नाकातला, गोड आवाज येतो. मग कोणी काडेपेटीची काडी खोचून तो तिथे धरून ठेवी. पुढे कंपनीने पाच टप्प्यांचा स्विचच दिला. नॉफ्लरचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, तो या मधल्या जागेचा.

धोबीतलाव | ५ जुलै, दुपारी १२:१५

काडी आम्हीही खोचत असू. आम्हाला वाटत होते की आमचा स्विच खराब आहे.

सतारिया | ५ जुलै, सायंकाळी ७:००

मी सतार वाजवतो आणि या चर्चेत उपरा आहे, तरी धाडस करतो. आमच्याकडेही विलायत खाँसाहेबांच्या घराण्याची सतार आणि रविशंकर यांच्या पद्धतीची सतार वेगळ्या असतात, तारांची संख्या आणि जुळणी वेगळी असते, आणि दोन्हींचा बाज ऐकताक्षणी कळतो. परंतु ती वाद्ये तशी झाली कारण त्या कलावंतांना तसे वाजवायचे होते. आधी गायकी अंग मनात आले आणि मग त्यासाठी तारा कमी झाल्या. तेव्हा हात आणि वाद्य असे दोन पक्ष पाडण्यापेक्षा, कोणाच्या हाताने कोणते वाद्य घडवले, असे विचारले तर कदाचित जास्त हाती लागेल.

गिटारवाल्यांनीही हेच केलेले दिसते. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी शक्ती या वृंदासाठी जी गिटार करून घेतली, तिच्या पडद्यांमधली लाकडी जागा खोलगट कोरलेली होती आणि आडव्या सात तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा होत्या. ती साधी, म्हणजे विजेची नसलेली गिटार होती हे खरे, पण रिची ब्लॅकमोर आणि यंग्वे मामस्टीन यांनी आपल्या स्ट्रॅटवर अशीच कोरणी करून घेतली. बोट लाकडाला न टेकता तार दाबता आणि ओढता येते. आमच्या मिंडेच्या ते पुष्कळ जवळ जाते.

ओहम | ५ जुलै, रात्री ८:१०

सतारिया यांचा प्रतिसाद मला सर्वांत जास्त आवडला. क्वीन या वृंदाचा गिटारवादक ब्रायन मे हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे. गिटार विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून १९६३च्या सुमारास त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच एक करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, ट्रेमोलोच्या (स्वर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, आणि मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. पुढे तीच गिटार त्याने आजवर वाजवली, आणि नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरले. त्याच्या वृंदातील गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाला राहवत नाही, म्हणून सांगून टाकतो.

तरी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, आणि तो सर्व घराण्यांना सारखाच लागू आहे. १९९०च्या दशकात नाशिकला गणेशोत्सवाच्या मंडपात आमचा कार्यक्रम होता. वीज रस्त्यावरच्या खांबावरून घेतलेली आणि अर्थिंगचा पत्ता नाही. माझा डावा हात तारांवर होता. समूहगानाच्या ओळीसाठी पुढे वाकलो आणि ओठ मायक्रोफोनच्या जाळीला लागले. डोळ्यांसमोर निळा प्रकाश दिसला आणि मी दोन पावले मागे ढोलकीवाल्याच्या मांडीवर बसलो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तो नाचाचा भाग वाटला. गिटार कोणतीही घ्या, आधी घरातल्या प्लगची तिसरी पिन तपासून घ्या.

रविवारची_मैफल | ५ जुलै, रात्री ८:४०

त्या दिवशी गिटार कोणती होती, हे सांगायचे राहिले.

ओहम | ५ जुलै, रात्री ८:४२

टेलिकास्टरची नक्कल. तिला काहीही झाले नाही. टेलीला कधीच काही होत नाही.

मडगांवकर | ५ जुलै, रात्री १०:००

टेलीच्या चिवटपणावरून आठवले. १९५० साली ती बाजारात आली तेव्हा तिचे नाव ब्रॉडकास्टर होते. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव जवळपास तेच असल्यामुळे फेंडरला ते सोडावे लागले. तोवर छापून ठेवलेल्या चिकटचित्रांतून नावाचा भाग कापून टाकला गेला आणि काही महिने गिटारी बिननावाच्याच विकल्या गेल्या. आज त्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक फार मान देतात.

लेस पॉलचे नशीब याच्या उलट. १९५८ ते १९६० या काळात काढलेल्या तिच्या तांबूस-पिवळ्या छटेच्या आवृत्तीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून कंपनीने ती बंद करून तिच्या जागी एसजी आणली. एरिक क्लॅप्टनने १९६६ साली जॉन मेयॉलच्या अल्बमवर तशीच जुनी लेस पॉल मार्शल अँप्लिफायरला जोडून पूर्ण आवाजात वाजवली, तेव्हा कुठे जगाला कळले की आपण काय टाकून दिले होते. १९६८ साली कंपनीला लेस पॉल पुन्हा काढावी लागली. तोवर क्लॅप्टन दुसऱ्या गिटारींकडे वळला होता, आणि पुढे तीन जुन्या स्ट्रॅटचे भाग एकत्र करून त्याने जी 'ब्लॅकी' जुळवली, ती २००४ साली लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली. एकाच माणसाचे दोन्ही काळ ऐकावेत. वाक्यरचना तीच आहे, फक्त उच्चार बदलला आहे. माझ्यापुरते मी या धाग्याचे उत्तर येथेच ठरवले : काय बोलायचे ते हात ठरवतो, आणि ते कोणत्या बोलीत येईल ते गिटार ठरवते.

मंद्रसप्तक | ११ जुलै, सकाळी ८:००

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभर गप्प होतो, कारण प्रयोग चालू होता. मेव्हण्याकडे एक टेलिकास्टर आहे आणि त्याच्या मित्राकडे एक लेस पॉल. दोन्ही चार दिवसांसाठी मागून आणल्या. एकच छोटा अँप्लिफायर, तिसरी पिन तपासलेली. मी बैठकीत बसून एकच तुकडा आलटून पालटून वाजवायचा आणि सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून, न पाहता, कोणती गिटार ते सांगायचे, असे ठरले. त्या पंधरा वर्षे गाणे शिकल्या आहेत, त्यांचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे.

दहा फेऱ्या झाल्या. त्यांनी एकदाही उत्तर दिले नाही. शेवटी मी आत जाऊन विचारले तेव्हा पोळी उलटता उलटता त्या म्हणाल्या, "गिटारी किती होत्या ते मला सांगता येणार नाही, पण दहाही वेळा तुमचा गंधार चढाच लागत होता." यावर माझ्याकडे उत्तर नाही. तारा मी यंत्रावर लावून घेतल्या होत्या.

सतारिया | ११ जुलै, सकाळी ९:३०

वहिनींचा कान बिनचूक आहे आणि यात आपला काहीही दोष नाही. गिटारचे पडदे समान अंतराच्या बारा स्वरांवर ठोकलेले असतात. त्या हिशेबाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) येतो, तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा चढेपणा पेटीतही असतो, आणि गायकांची पेटीविरुद्धची जुनी तक्रार हीच आहे. आम्ही सतारीचा पडदा सरकवून घेतो; आपले पडदे मात्र ठोकलेले आहेत. शिवाय तार ओढून स्वर वर नेता येतो, खाली आणता येत नाही.

धोबीतलाव | ११ जुलै, सकाळी १०:०५

खाली आणता येतो की! स्ट्रॅटच्या घोडीला जी दांडी असते, ती हलकेच दाबली की सर्व तारा एकदम सैल होतात आणि स्वर उतरतो. जेफ बेक नखी टाकून देऊन नुसत्या बोटांनी वाजवायचा आणि ती दांडी सतत तळहातात धरून एकेक स्वर गळ्यासारखा बसवायचा. टेलीच्या आणि लेस पॉलच्या नेहमीच्या घडणीत ही सोयच नाही.

ओहम | ११ जुलै, सकाळी १०:२०

तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त चौदा सेंट म्हणजे दांडीचा अगदी केसभर दाब. तो हाताला बसायला काही वर्षे लागतील.

काटकोन | ११ जुलै, सकाळी १०:३०

म्हणजे आठवडाभराच्या विद्वच्चर्चेनंतर स्ट्रॅट निवडली, ती पोळ्या करता करता, आणि तीही एकही गिटार न पाहता.

मंद्रसप्तक | ११ जुलै, रात्री ९:४५

काटकोन यांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. शनिवारी दुकानात जातो आहे. सौ. बरोबर येणार आहेत आणि त्यांनी तंबोऱ्याचे यंत्र पिशवीत आताच ठेवून दिले आहे.